सॅमनच्या नदीत ट्राउटचा शोध

मृगाचा पाऊस कोसळून ओढ्यांना पहिले गढूळ पाणी आले, की चढणीचे मासे धरावयास सारा गाव कसा लोटतो, हे कोकणातील व गोव्यातील आमच्या वाचकांना सांगावयास नको. कोणी पाग घेऊन येतो, कोणी टोपली, तर कोणी कोयता आणि कंदील. त्या दोनचार रात्री ओढ्याच्या काठी पाय ठेवावयास जागा मिळत नाही. पुढे पाणी निवळते, भाताची लावणी उरकते, आणि त्याच ओढ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मासे मात्र तेव्हाही त्या पाण्यात असतात. ते चढणीचे नव्हेत, तर बारा महिने तेथेच राहणारे. गर्दी होते ती पाण्यासाठी नव्हे, चढणीसाठी होते.

एवढे लक्षात ठेवले, म्हणजे दूरदेशीच्या एका नदीची हकीकत समजावयास सोपी जाईल. स्कॉटलंडच्या दक्षिण भागातून वाहणारी ट्वीड ही ती नदी. सॅमन माशाच्या चढणीसाठी तिची ख्याती जगभर आहे. तिच्या नामांकित डोहांवर हंगामात गळ टाकण्याचा एक दिवस मिळावा म्हणून लोक शेकडो पौंड मोजतात व कित्येक महिने आधी जागा राखून ठेवतात. परंतु त्याच नदीत ट्राउट नावाचा दुसरा एक मासा बारा महिने राहतो. आणि त्याच्या शोधात निघालेल्या माणसाला पुष्कळदा दिवसभरात काठावर दुसरे माणूस भेटत नाही. एकाच नदीत इतकी गर्दी आणि इतका एकांत शेजारी शेजारी कसे नांदतात, तो एकांत कोणाला सापडतो, आणि त्याच्या मोबदल्यात नदीचे आपण काय देणे लागतो, हे आज पाहावयाचे आहे.

नदी आणि तिचे दोन मासे

मॉफट गावाच्या उत्तरेस असलेल्या डोंगरांत 'ट्वीड्स वेल' नावाचा झरा आहे. तेथे उगम पावून ही नदी सुमारे १५६ किलोमीटरचा प्रवास करते व बेरिक येथे उत्तर समुद्राला मिळते. पीबल्स, मेलरोज, केल्सो, कोल्डस्ट्रीम ही तिच्या काठची गावे. सर वॉल्टर स्कॉट ह्या विख्यात कादंबरीकाराचे ॲबट्सफर्ड हे घर तिच्याच काठी आहे. मेलरोज येथे ११३६ साली सिस्टर्शियन संन्याशांचा मठ स्थापन झाला. त्याचे भग्न पण देखणे अवशेष आजही उभे आहेत. चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य मानणाऱ्या त्या मठवासीयांना नदीची मासळी हा मोठाच आधार होता, आणि आपल्या गिरणीसाठी बांध घालून त्यांनी नदीचे पाणीही वळविले होते.

खालच्या अंगाला काही कोस ही नदी स्कॉटलंड व इंग्लंड यांची सीमा होऊन वाहते. तरीही मासेमारीच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे संपूर्ण खोरे एकच मानले जाते, आणि १८०७ साली स्थापन झालेले एकच मंडळ त्याचा कारभार पाहते. माशाला सीमा ठाऊक नसते, एवढे शहाणपण तेथील कायद्याने फार पूर्वीच दाखविले.

आता ह्या दोन माशांची ओळख करून घेऊ. आपल्या बाजारात रावस हा 'इंडियन सॅमन' ह्या नावाने विकला जातो. परंतु त्याचे आणि ह्या सॅमनचे कूळ निराळे. अटलांटिक सॅमनचा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, थंड पाण्याच्या खडीत होतो. बहुधा दोन-तीन वर्षे नदीत काढल्यावर बोटभर लांबीचे ते पिल्लू रुपेरी होऊन समुद्रास मिळते, पार उत्तर अटलांटिक महासागरात जाऊन वाढते, आणि एक वा अधिक हिवाळे तेथे घालवून, अंडी घालण्याकरिता आपल्या जन्माच्या नदीत परत येते. पावसाळ्यात हिल्सा समुद्रातून नर्मदेत चढतो, हे भरूच-बडोद्याकडील वाचकांना माहीत आहे. तसाच हा प्रकार. नदीत शिरल्यावर सॅमन अन्न खात नाही. समुद्रात साठविलेल्या चरबीवर तो महिनोन्महिने राहतो. मग तो गळाला का लागतो? जुन्या सवयीने म्हणा, चिडून म्हणा. ह्याचे पक्के उत्तर आजवर कोणाला देता आलेले नाही.

ट्राउट हा त्याच कुळातला, पण निराळ्या स्वभावाचा. अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, पोटाकडे पिवळसर झाक, आणि वजन बहुधा अर्धा ते एक पौंड. तो नदीतच जन्मतो, नदीतच राहतो, आणि रोज खातो. त्याच जातीतील काही मासे समुद्रावर जाऊन परत येतात, त्यांना 'सी ट्राउट' म्हणतात. परंतु आपला संबंध घरी राहणाऱ्या भावाशी आहे. त्याला थंड, वाहते आणि स्वच्छ पाणी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडहून आणलेल्या ट्राउटची वीण काश्मीरच्या नद्यांत रुजविण्यात आली, आणि तिचा वंश आजही तेथे आहे. हिमाचलात आणि दक्षिणेस निलगिरी व मुन्नारच्या डोंगरांतही ट्राउट आढळतो. सह्याद्रीच्या पायथ्याचे पाणी मात्र त्याला मानवणारे नव्हे.

गर्दी कशामुळे होते

समुद्रातून आलेला सॅमन नदीभर सारखा विखुरलेला नसतो. वर चढताना तो ठरावीक खोल डोहांत विसावा घेतो. पिढ्यानुपिढ्या त्याच खडकांच्या आडोशाला, त्याच धारेच्या कडेला तो सापडतो. त्यामुळे प्रत्येक डोहाला नाव आहे, आणि नावाला किंमत आहे. केल्सो येथे टेव्हियट नदी ट्वीडला मिळते. तेथील संगमाचा डोह तर सॅमनच्या शौकिनांना तीर्थासारखा वाटतो.

शिवाय तेथील कायदाही ध्यानात घेतला पाहिजे. स्कॉटलंडमध्ये सॅमन धरण्याचा हक्क ही जमिनीहून वेगळी अशी मिळकत आहे. काठची जमीन एकाची, तर समोरच्या पाण्यातील सॅमनचा हक्क दुसऱ्याचा, असे असू शकते. हे हक्क विकले जातात, वारसाने मिळतात, आणि दिवसांच्या हिशेबाने भाड्याने दिले जातात. एकेका टप्प्यावर ठरावीक गळकरी, त्यांच्याबरोबर पाण्याची खडान्खडा माहिती असलेला नावाडी, हातात तेरा ते पंधरा फूट लांबीची दोन्ही हातांनी फेकावयाची काठी, असा तो सारा थाट असतो. गावच्या मंडळांच्या ताब्यात असलेल्या स्वस्त पाण्यावर तर हंगामात रांगच लागते. डोहाच्या वरच्या तोंडाशी पहिल्याने गळ टाकावयाचा, एक पाऊल खाली सरकावयाचे, पुन्हा टाकावयाचा. त्याच्या मागून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या मागून तिसऱ्याने. कायद्याने हा हंगाम १ फेब्रुवारीपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, आणि पुष्कळ वर्षे त्यातील शेवटचे तीन महिने सर्वांत दाटीचे असत.

ह्या गर्दीची मागणी बारकाईने पाहिली, तर ती फार मोजकी आहे असे दिसून येते. तिला खोल डोह पाहिजेत, पावसाने किंचित वाढलेले पाणी पाहिजे, आणि चढणीचे दिवस पाहिजेत. ह्या तिहींपैकी एखादी गोष्ट नसली, की गर्दीही नसते. ट्राउटला ह्यांपैकी एकाचीही गरज नाही. तेव्हा एकांत शोधणाऱ्याने फार दूर जाण्याचे कारण नाही. गर्दी ज्याला नको म्हणते तेच त्याने मागावे, म्हणजे झाले.

एकांत कोठे सापडतो

पहिली गोष्ट पाण्याची. गुडघाभर खोलीचा खळाळ, आल्डरच्या झाडांखालची अरुंद कडेची धार, बेटाच्या मागचा उथळ फाटा, ह्या जागा सॅमनचा गळकरी न थांबता ओलांडून जातो. ट्राउट नेमका तेथेच चरतो, कारण उथळ खडीत किडे अधिक, आणि दगडामागे उभे राहिले की फारसे श्रम न करता धार त्याला अन्न आणून देते. उन्हाळ्यात पाऊस लांबला आणि नदी रोडावून काचेसारखी निवळ झाली, की सॅमनवाले गळ गुंडाळून घरी बसतात. अशा पाण्यात ट्राउट धरणे कठीण असले, तरी अशक्य नसते. आणि मैलच्या मैल नदी मोकळी असते.

दुसरी गोष्ट नदीच्या भागाची. पीबल्सच्या वर नदी लहान होत जाते. लाइन आणि मॅनर हे तिला मिळणारे प्रवाह त्याहून लहान. खाली एट्रिक, तिला मिळणारी यॅरो, लीडर, टेव्हियट, व्हाइटॲडर अशा उपनद्या आहेत. सॅमन अंडी घालावयास तेथेही जातो, पण त्याचे नामांकित डोह आणि ते डोह पाहावयास येणारे लोक मुख्य नदीच्या खालच्या अंगाला असतात. मुख्य नदीवरसुद्धा गाडी उभी करण्याच्या जागेपासून अर्धा तास पायी चालले, तर चित्र पालटते. माणसे पुलापाशी जमतात, हा नियम सर्व देशांत सारखाच.

तिसरी गोष्ट वेळेची. स्कॉटलंडमध्ये ट्राउटचा कायदेशीर हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. त्यातील एप्रिल महिन्याची दुपार आणि जून महिन्याची संध्याकाळ ह्या दोन वेळा विशेष मोलाच्या. एप्रिलमध्ये हवा अजून बोचरी असते. पण बारापासून दोन-तीन वाजेपर्यंत पाण्यावर किडे निघतात व मासे वर येतात. जूनमध्ये त्या उत्तरेकडील प्रदेशात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आणि त्यानंतरही बराच वेळ संधिप्रकाश रेंगाळतो. दिवसभर नदीवर असलेली माणसे जेवावयास गेलेली असतात. तो तासदीड तास ट्राउटच्या भोजनाचाही असतो.

चौथी गोष्ट वाराची. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे रविवारी सॅमन धरण्यास मनाई आहे. ट्राउटला ती मनाई नाही. अर्थात, काही मंडळांचे स्वतःचे नियम रविवारी कोणताच गळ टाकू देत नाहीत, तेव्हा परवान्यावरील अटी नीट वाचाव्या लागतात. पण जेथे मुभा आहे तेथे, उपासना आटोपून दुपारी नदीवर गेलेल्या माणसाला एरवी गजबजलेला डोहही मोकळा दिसतो.

परवान्याविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. स्कॉटलंडमध्ये गळ टाकण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. परंतु त्याचा अर्थ वाटेल तेथे गळ टाकावा असा नव्हे. ट्राउटचा हक्क काठच्या जमिनीच्या मालकाचा असतो, आणि ट्वीडच्या खोऱ्यात लेखी परवानगीवाचून ट्राउट धरणे हा गुन्हा आहे. ही परवानगी गावोगावच्या गळकरी मंडळांकडून सहज मिळते, आणि सॅमनच्या भाड्याच्या मानाने तिची किंमत अगदीच थोडी असते. सॅमनचा गळकरी डोहावर आला, तर ट्राउटवाल्याने बाजूला व्हावे, अशीही रीत बहुतेक टप्प्यांवर आहे. ह्यात अपमान मानण्याचे कारण नाही. ज्याला सारी नदी मोकळी आहे, त्याने एक डोह सोडून दिला म्हणून त्याचे काय जाते?

स्ट्यूअर्टचा धडा

आज ट्राउटवाल्याला जो एकांत मिळतो, तो पूर्वी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नेमकी उलट स्थिती होती. १८५५ साली एडिनबरोहून पीबल्सपर्यंत रेल्वे झाली, आणि शहरातील गळकऱ्यांना एका दिवसात ट्वीडवर जाऊन येता येऊ लागले. मासे बिचकू लागले. आता पूर्वीसारखे मासे लागत नाहीत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येऊ लागली.

त्याच काळात, १८५७ साली, डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट नावाच्या एडिनबरोच्या गळकऱ्याने 'द प्रॅक्टिकल अँगलर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. लोकांनी दूरच्या, अनाघ्रात नद्या शोधाव्यात असे त्याने सांगितले नाही. गळ टाकण्याची दिशा बदला, असे त्याने सांगितले. त्या काळी बहुतेक लोक प्रवाहाबरोबर खाली चालत व गळ खालच्या अंगाला टाकीत. स्ट्यूअर्टने म्हटले, प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला चला.

ह्याचे कारण अगदी साधे आहे. वाहत्या पाण्यात मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. वरून येणाऱ्या माणसाला तो समोर पाहतो. खालून येणारा त्याच्या पाठीमागे असतो. म्हणून खालून जाणाऱ्याला अगदी जवळ जाता येते, आणि थोड्याच दोरीवर नेमका गळ टाकता येतो. वर टाकलेला गळ प्रवाहाबरोबर निर्जीव किड्यासारखा सहज वाहत खाली येतो. मासा लागला, तर त्याला खाली ओढून घेता येते, आणि वरचे पाणी न ढवळता पुढच्या माशासाठी तसेच शांत राहते.

गळ म्हणजे येथे गांडूळ लावलेला आकडा नव्हे. बारीक आकड्यावर रेशमी धागा व पक्ष्याचे पीस गुंडाळून केलेली ती एक कृत्रिम माशी. स्ट्यूअर्टच्या आवडत्या माश्यांपैकी एक अगदी साधी आहे: तपकिरी रेशीम, आणि त्यावर 'स्टार्लिंग' नावाच्या साळुंकीच्या कुळातील पक्ष्याच्या काळसर पिसाचे दोनचार वेढे. पंख नाहीत, शेपटी नाही. पाण्यात ते पीस उघडते-मिटते, आणि धडपडणाऱ्या किड्याचा भास होतो. दीड शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्या नदीवर ही माशी आजही चालते. आजची काठी नऊ फुटांची व हलकी असते, दोरी वेगळ्या पदार्थाची असते. पण चालण्याची दिशा तीच आहे.

स्ट्यूअर्टच्या उपदेशातील मर्म असे, की गर्दीवरचा उपाय दूर पळणे हा नव्हे, तर शिकणे हा आहे. ज्याला जवळ जाता येते, त्याच्यासाठी गावाच्या पुलाखालीही मासा आहे.

दगडाखालचे पंचांग

सॅमन खात नाही, म्हणून त्याला धरण्यात दैवाचा वाटा मोठा. ट्राउट खातो, म्हणून त्याला धरण्यात निरीक्षणाचा वाटा मोठा. आपल्या शेतकऱ्याला जसे पंचांग, तसे ट्राउटवाल्याला नदीतील किड्यांचे वेळापत्रक. हे वेळापत्रक नदीतील दगडांच्या खाली लिहिलेले असते. एखादा दगड हलकेच उचलून उलटा केला, तर त्याला चिकटून सरपटणारे चपटे, सहा पायांचे आणि बहुधा तीन शेपट्यांचे जीव दिसतात. ही 'मेफ्लाय' वर्गातील कीटकांची बाल्यावस्था. महिनोन्महिने, कित्येकदा वर्षभर, पाण्यात काढून एके दिवशी हा जीव पृष्ठभागावर येतो, त्याची कात फुटते, आणि पंख फुटलेला कीटक क्षणभर पाण्यावर तरंगून उडून जातो. पंख आल्यावरही तो आणखी एकदा कात टाकतो. असे करणारा कीटकांचा हा एकच वर्ग. पुढे त्याचे आयुष्य तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत मोजावे लागते. त्याला काही खाता येत नाही. वीण घालणे एवढेच काम उरते.

ट्वीडवर मार्च-एप्रिलमध्ये गडद हिरवट रंगाचे 'ऑलिव्ह' आणि तपकिरी 'मार्च ब्राउन' हे कीटक निघतात. मार्च ब्राउनची तऱ्हा विशेष पाहण्यासारखी. दुपारी खळाळावर एकही कीटक नसतो. अकस्मात शेकडो निघतात, दहापंधरा मिनिटे पाणी माशांच्या उड्यांनी उकळल्यासारखे दिसते, आणि पुन्हा सारे निपचित. ज्याने त्या वेळी डबा उघडून जेवण मांडले असेल, त्याची संधी गेली. पुढे मे महिन्यात निरनिराळे लहान कीटक, आणि जूनच्या संध्याकाळी 'ब्लू-विंग्ड ऑलिव्ह' व 'कॅडिस' यांची पाळी येते. कॅडिसची अळी खडीचे बारीक कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधते, आणि त्या घरासकट नदीच्या तळाशी फिरते.

गावच्या मुलांना एक सुचवावेसे वाटते. ट्राउट आपल्या घाटात नाही. पण मेफ्लाय आणि कॅडिस ह्यांची भावंडे सह्याद्रीच्या स्वच्छ ओढ्यांतही आहेत. पावसाळ्यानंतर पाणी निवळले, की एखादा दगड उलटून पाहावा, आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच ठेवावा. ओढ्यात सांडपाणी शिरले, की ह्या जीवांतील नाजूक जाती पहिल्याने नाहीशा होतात. म्हणून दगडाखाली जीव दिसला, तर ओढा अजून जिवंत आहे अशी खूण समजावी.

दोन प्रकारची शांतता

येथवर वाचून कोणाला वाटेल, की सॅमनवाल्यांनी डोह घ्यावेत, ट्राउटवाल्यांनी खळाळ घ्यावेत, आणि सर्वांनी सुखाने राहावे. परंतु गोष्ट इतकी सोपी राहिलेली नाही.

ट्वीडवर २०१० साली गळाने लागलेल्या सॅमनची संख्या तेवीस हजारांहून अधिक होती. २०१४ पासून शरद ऋतूतील ती प्रसिद्ध चढण ओसरत गेली, आणि अलीकडच्या काही वर्षांत हा वार्षिक आकडा दहा हजारांच्याही खाली आला. साऱ्या स्कॉटलंडचा विचार केला, तर १९५२ साली नोंदी ठेवण्यास सुरुवात झाल्यापासून २०२३ इतके कमी सॅमन तोवर कोणत्याच वर्षी लागले नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची गणना संकटग्रस्तांत केली. समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी परतणाऱ्यांचे प्रमाण फार घटले आहे. समुद्राचे पाणी तापत आहे, आणि नद्यांचेही. ह्या नदीवर उपजीविका करणारे नावाडी, काठच्या खानावळी, गावातील दुकाने, सर्वांनाच ह्याची झळ लागते.

म्हणजे नदीवरची शांतता दोन प्रकारची असू शकते. एक, गर्दी दुसरीकडे पाहत असताना ज्याने पाहावयास शिकले त्याला मिळणारी. आणि दुसरी, मासेच उरले नाहीत म्हणून पडणारी. पहिली मिळवावी लागते. दुसरी शापासारखी येते. पहिलीचा आनंद घेणाऱ्याने दुसरी येऊ नये म्हणून काळजी वाहिली पाहिजे, कारण ट्राउटच्या मागे चालताना त्याची पावले सॅमनच्या घरातूनच पडत असतात.

हे अक्षरशः खरे आहे. सॅमन हिवाळ्याच्या तोंडाशी खडीत खळगे करून अंडी घालतो व ती खडीनेच झाकतो. वसंतात अंड्यांतून निघालेली पिल्ले बराच काळ त्या खडीतच दडून असतात. ट्राउटवाला एप्रिलमध्ये पाण्यात उतरतो, तेव्हा डोहाच्या शेपटाशी असलेल्या, नुकतीच उकरल्यासारख्या दिसणाऱ्या स्वच्छ खडीवर त्याने पाय देऊ नये. एका पावलाखाली किती जीव चिरडले जातील, ह्याचा हिशेब नाही.

दुसरी काळजी पिल्ले ओळखण्याची. बोटभर सॅमन ट्राउटसारखाच दिसतो आणि ट्राउटच्याच माशीवर झडप घालतो. पण सॅमनच्या पिल्लाची शेपटी खोल दुभंगलेली असते, कल्ल्यांमागचे पर मोठे असतात, आणि अंगावर बोटांचे ठसे उमटावेत तसे निळसर पट्टे ओळीने दिसतात. ट्राउटच्या पिल्लाच्या पाठीवरील मागचा लहान मांसल पर तांबूस असतो. सॅमनचा तसा नसतो. एप्रिल-मेमध्ये रुपेरी होऊन समुद्राकडे निघालेली पिल्ले थव्यांनी लागू लागली, तर शहाणा गळकरी ती जागाच सोडून देतो. आकड्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, हात ओला करून मासा धरावा, होता होईतो पाण्याबाहेर काढू नये, हे नियम लहानमोठ्या सर्वच माशांना लागू आहेत. उन्हाळ्यात पाण्याचे उष्णमान वीस अंशांच्या आसपास गेले, म्हणजे सोडलेला मासाही जगेल याची खात्री नसते; अशा दिवशी काठी घरीच ठेवावी.

तेथील लोक हातावर हात ठेवून बसलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १ एप्रिलपूर्वी लागलेला प्रत्येक सॅमन परत सोडणे स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून बंधनकारक आहे, आणि पुढे वर्षभरात लागणाऱ्यांपैकीही दहांतील नऊहून अधिक मासे गळकरी आपणहून सोडून देतात. पाण्यावर सावली पडावी म्हणून उपनद्यांच्या काठांनी झाडे लावली जात आहेत. पीबल्स येथे ट्वीडला मिळणारा एडल्स्टनचा प्रवाह पूर्वी कालव्यासारखा सरळ करून टाकला होता. त्याला पुन्हा वळणे देण्यात आली आहेत, जेणेकरून पुराचा वेग मोडेल आणि माशांना आसरा मिळेल. झाडाची सावली पडावयास वर्षे लागतात. ज्यांनी ती लावली, त्यांपैकी कित्येक जण त्या सावलीत गळ टाकावयास असणार नाहीत. तरी त्यांनी ती लावली.

आपल्या ओढ्यांच्या चढणीचा विचार ह्या संदर्भात मनात आल्यावाचून राहत नाही. पहिल्या पुरात वर चढणारी मासळी पोटात अंडी घेऊन चढत असते. तिला पार संपवून टाकली, तर पुढच्या वर्षी टोपली कशाने भरावयाची? ओढ्याचे आडवे तोंड पूर्ण न बांधता एक वाट मोकळी ठेवणे, आणि पाण्यात विष वा सुरुंग कोणी टाकू लागला तर गावाने त्याला अडविणे, एवढे केले तरी पुष्कळ झाले. ट्वीडकाठच्या लोकांना ही अक्कल माशांचे आकडे उतरल्यावर अधिक जोराने आली. आपण आकडे उतरण्याची वाट पाहावी, असे नाही.

सॅमन हा नदीचा पाहुणा, आणि ट्राउट घरचा. पाहुण्याच्या स्वागताला सारा गाव धावतो. घरच्याची विचारपूस करावयास फारसे कोणी येत नाही. जो ती करावयास जातो, तो डोहाऐवजी खळाळ निवडतो, चार पावले अधिक चालतो, दगड उलटून पाहतो, आणि वाट पाहावयास शिकतो. त्याला नदी निवांत भेटते. मात्र घराशी ओळख झाल्यावर घरच्या सुखदुःखाचीही जबाबदारी येते. ट्वीडच्या उथळ पाण्यात पाय जपून टाकणाऱ्या गळकऱ्याने ती ओळखली आहे. आपापल्या ओढ्याच्या काठी उभे राहून आपणही ती ओळखावी.